जागा असताना ‘भरली’ म्हणू नकोस

अगं, घरी मुलं सांभाळायची तुझी नोंदणी झाली, छान! पण ऑटिझम असलेल्या मुलाच्या आईला ‘जागा भरली’ असं सांगायचा विचार सोड. जागा आहे ना तुझ्याकडे? इथे इंग्लंडमध्ये २०१० चा इक्वॅलिटी ॲक्ट, म्हणजे समानतेचा कायदा, आपल्यासारख्या घरी मुलं सांभाळणाऱ्या चाइल्डमाइंडरनाही लागू आहे. अपंगत्वामुळे प्रवेश नाकारता येत नाही, आणि वाजवी बदलांचा खर्च त्या पालकांवर टाकता येत नाही.

‘वाजवी’ शब्दाला घाबरू नकोस. माझ्याकडे असा पहिला मुलगा आला तेव्हा मी मिक्सर तो यायच्या आत फिरवून घ्यायचे, एवढाच काय तो मोठा बदल. (सकाळी सातला चटणी, नवरा वैतागायचा.) पाच वर्षांखालची आपल्याकडे सहसा तीनच मुलं, गोंगाट न सोसणाऱ्याला नर्सरीपेक्षा हे बरं पडतं.

आईला निदानाबद्दल विचारण्याआधी हे विचार: काय खातो, कशाने बिथरतो, शांत कसा होतो? उत्तरं लिहून ठेव.

पैशांचं म्हणशील तर, मुलाला डीएलए (अपंगत्वासाठीचा सरकारी भत्ता) मिळत असेल आणि मुलं सांभाळण्याचे सरकारी मोफत तास तो तुझ्याकडे घेणार असेल, तर डिसॅबिलिटी ॲक्सेस फंडासाठी, म्हणजे अशा मुलाला सामावून घ्यायला सांभाळणाऱ्याला मिळणाऱ्या पैशांसाठी, कौन्सिलला विचार. त्यांच्या सेंड टीमला (विशेष गरजा आणि अपंगत्व असलेल्या मुलांचं बघणाऱ्या) आजच फोन कर, मूल यायची वाट बघू नकोस.