टेकऑफला विमान डावीकडे ओढतं, काय करू?

प्रश्न: सर, मी सेसना १७२ या छोट्या एका इंजिनाच्या विमानावर ट्रेनिंग घेतोय. थ्रॉटल (इंजिनाची पॉवर कमी-जास्त करायचा दांडा) पूर्ण दिला की नाक डावीकडे सरकतं, उजवं पेडल दाबलं की एकदम उजवीकडे पळतं, मग परत डावं. परवा पार रनवेच्या कडेला गेलो, शेवटी इन्स्ट्रक्टरनी थ्रॉटल मागे घेतला. विमानातच दोष असेल का? आणि अशा वेळी पटकन उचलून घेतलेलं बरं नाही का?
– एक विद्यार्थी पायलट

उत्तर: शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगतो, कारण जीव तिथे जातो. नाही, अजिबात उचलायचं नाही. स्पीड नसताना ओढून घेतलेलं विमान जमिनीच्या जवळ कसंबसं तरंगतं पण चढत नाही, नाक वर आणि पॉवर फुल म्हटल्यावर डावीकडची ओढ उलट वाढते, आणि चाकांनी धरलेली जमीनही सुटलेली असते. त्यातून स्टॉल झाला, म्हणजे पंखांची उचलच सुटली, तर सावरायला उंचीच नाही. इन्स्ट्रक्टरनी केलं तेच बरोबर. थ्रॉटल बंद केला की ओढीचं मूळ कारणच जातं, मग रडरने (शेपटीची उभी, पेडलने हलणारी पट्टी) सरळ ठेवत थांबायचं, गवतात गेलात तरी चालेल.

आता ओढ का, तर सीटवरून बघितलं तर तुमचा प्रोपेलर घड्याळाच्या दिशेने फिरतो, त्याची हवा बॉडीभोवती गुंडाळत मागे जाऊन शेपटीच्या उभ्या पंखावर डावीकडून आदळते, शेपटी उजवीकडे, नाक डावीकडे. शिवाय इंजिनाच्या उलट्या जोरामुळे डाव्या चाकावर भार जास्त येतो. म्हणजे हा दोष नाही, टायगर मॉथ या जुन्या ट्रेनिंग विमानाचा प्रोपेलर उलटा फिरतो तर ते उजवीकडे ओढतं. डावीकडून क्रॉसविंड, म्हणजे आडवा वारा, असेल तर तुमच्याकडे वाऱ्याची आणि प्रोपेलरची ओढ एकत्र येते.

पण "एकदम उजवीकडे पळतं" हे वाचून मला पहिली शंका आली ती ब्रेकची. पेडलच्या वरच्या भागावर ब्रेक असतो आणि घाबरून पाय दाबला की चवडा वर सरकतो, उजवं चाक धरतं. टाच फ्लोअरवर टेकवा, चवडा पेडलच्या खालच्या भागावरच ठेवा. दुसरं म्हणजे सुरुवातीला रडरवर हवा कमी असते म्हणून पाय बराच लागतो, स्पीड वाढला की तेवढाच पाय जास्त होतो, तो हळूहळू सोडत जायचा असतो आणि बरेच जण तो तसाच धरून ठेवतात. नजर नाकासमोर नको, रनवेच्या पार टोकाला ठेवा, सरकणं लवकर दिसतं आणि थोडक्या पायात भागतं.

आणि योक (हातातलं कंट्रोल व्हील) गाडीच्या स्टिअरिंगसारखा फिरवू नका हो! नाक डावीकडे गेलं म्हणून योक उजवीकडे वळवलात तर डावं एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) खाली येतं, त्या बाजूचा ड्रॅग, म्हणजे हवेचा विरोध, वाढतो, म्हणजे नाक अजूनच डावीकडे. योक वाऱ्याच्या बाजूला, क्रॉसविंडमध्ये सुरुवातीला पूर्ण आणि स्पीडबरोबर कमी करत. पुढेही ढकलू नका, भार नोजव्हीलवर (नाकाखालच्या चाकावर) गेला की विमान त्या एका चाकाभोवती वळायला बघतं.

थ्रॉटल तीन-चार सेकंद घेऊन सावकाश द्या. सेंटरलाइन सुटली आणि पायाने लगेच परत आली नाही तर थ्रॉटल बंद, हे निघायच्या आधीच इन्स्ट्रक्टरशी बोलून ठरवून ठेवा. आणि वारा नसताना कमी पॉवरवर टॅक्सी करतानाही (जमिनीवरून विमान हळू चालवतानाही) विमान एकाच बाजूला ओढत असेल तर मात्र ब्रेक अडकतोय का, टायरची हवा, नोजव्हीलची लिंक, हे इंजिनिअरना दाखवल्याशिवाय पुढची फ्लाइट घेऊ नका.