अपडेट अर्धवट राहिलं, पीसी चालू होत नाही. फॉरमॅट मारावाच लागेल का?

तुम्ही लिहिलंय त्यावरून प्रकार असा दिसतो: विंडोज ११ चं अपडेट चालू असताना लाईट गेली. आता लोगो येतो, ठिपके गोल फिरतात, ऑटोमॅटिक रिपेअर असं दिसतं आणि पीसी परत रीस्टार्ट होतो. आत घरचे फोटो आणि जीएसटीच्या फायली, बॅकअप नाही, आणि दुकानदार फॉरमॅट मारू म्हणतो.

इतक्यात मारू नका. अपडेट मध्येच तुटलं की बिघडतात त्या सहसा विंडोजच्या स्वतःच्या फायली. तुमचे फोटो जागच्या जागी असतात. मी ऑफिसातल्या मशिन्स सांभाळतो. अशा वेळी डेटा जातो तो बहुतेकदा नंतरच्या घाईत. दुकानदाराचंही चूक नाही म्हणा, त्याला फॉरमॅटच सगळ्यात कमी वेळात होतं. फक्त एक बघून घ्या: डिस्कमधून टकटक आवाज येत असेल किंवा बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जच्या स्क्रीनवर) डिस्कच दिसत नसेल, तर दोष अपडेटचा नाही. तेव्हा खालचं काहीच करू नका, डेटा रिकव्हरीवाल्याकडे जा.

आधी निळा रिकव्हरी मेनू गाठायचा. तो आपणहून येत नसेल तर लोगो दिसताच पॉवर बटण दाबून धरून बंद करा. लागोपाठ दोन-तीनदा केलं की येतो. तिथे ट्रबलशूट, मग अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स.

इथे ४८ आकडी बिटलॉकर रिकव्हरी की (बिटलॉकर म्हणजे विंडोजचं डिस्कवरचं कुलूप, की म्हणजे त्याची किल्ली) मागितली तर घाबरू नका. तुम्ही कधी लावली नसली तरी हल्ली बऱ्याच मशिन्सवर हे कुलूप (एन्क्रिप्शन) आपोआप चालू होतं, होम व्हर्जनवरसुद्धा. मोबाइलवरून मायक्रोसॉफ्टच्या खात्यात लॉगिन करा. स्क्रीनवरच्या की आयडीची सुरुवातीची ८ अक्षरं जिच्याशी जुळतील, ती तुमची की. पीसी घेतला तेव्हा दुकानदाराने किंवा भाच्याने स्वतःच्या ईमेलने सेटअप केला असेल, तर की त्याच्या खात्यात असणार. आधी त्याला फोन करा. ही की कुठेच मिळाली नाही तर मायक्रोसॉफ्टलाही ती डिस्क उघडता येत नाही.

आता दुरुस्तीच्या आधी फायली बाहेर काढा. पेनड्राइव्ह लावा, त्याच अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधून कमांड प्रॉम्प्ट (कमांड टाइप करायची काळी खिडकी) उघडा, notepad टाइप करून एंटर. नोटपॅडच्या फाइल मेनूतून ओपन करा, खाली टेक्स्ट डॉक्युमेंट्सच्या जागी ऑल फाइल्स निवडा. या खिडकीतून राइट क्लिक करून फोल्डर कॉपी-पेस्ट होतात. ड्राइव्हची अक्षरं इथे बदललेली असू शकतात, म्हणून सी मध्ये काही दिसलं नाही तर डी, ई मध्ये यूजर्स फोल्डर शोधा. कॉपी होताना प्रगतीची पट्टी दिसत नाही, खिडकी नुसती गोठल्यासारखी होते. हँग झालं समजून बंद करू नका, चहा घेऊन या.

फायली निघाल्या की त्याच मेनूतल्या अनइन्स्टॉल अपडेट्समध्ये जा. दरमहाचं अपडेट असेल तर क्वालिटी, वर्षाकाठचं मोठं असेल तर फीचर. बहुतेक वेळा इथेच काम होतं. नाही झालं तर स्टार्टअप रिपेअर, मग सिस्टीम रिस्टोअर. तेही फसलं तरच रीसेट, आणि त्यात कीप माय फाइल्सच निवडायचं. सॉफ्टवेअर पुन्हा टाकावी लागतील, म्हणून टॅलीचा डेटा फोल्डर आधीच कॉपी करून ठेवा.

१९ जुलै २०२४ आठवतंय? क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पाडले, आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. उपाय काय होता, तर सेफ मोड किंवा रिकव्हरीत जाऊन एक फाइल काढून टाकणं. फॉरमॅटची गरज नव्हती. वेळ खाल्ला तो एकेका मशिनची बिटलॉकर की शोधण्याने.

पीसी चालू झाला की लगेच सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट आठवडाभर पॉज करा, नाहीतर तेच अपडेट रात्रीत परत उतरेल. पुढच्या वेळी ते यूपीएसवर होऊ द्या. आणि रिकव्हरी मेनू अजिबातच आला नाही, तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर ८ जीबीचा पेनड्राइव्ह विंडोजच्या मीडिया क्रिएशन टूलने बनवा (त्यावरचं सगळं पुसलं जातं), त्यावरून बूट करा आणि इन्स्टॉल न दाबता रिपेअर निवडा. तोच मेनू तिथून मिळतो. अडलात तर स्क्रीनवरचा एरर कोड इथे लिहा.