डब्लिनला दोघं मिळून येताय, तर

नोकरी डब्लिनला लागतेय, जोडीदारही सोबत येणार, दोघंही पुरुष. ‘तिथे लोक खरंच स्वीकारतात, की नुसता कायदा आहे?’ असं तू विचारलंयस. स्वीकारतात. पण हे सगळं किती अलीकडचं आहे ते ठाऊक असलं, की कोण कसं वागेल याचा अंदाज येतो.

१९९३ पर्यंत आयर्लंडमध्ये पुरुषांमधले समलिंगी संबंध हा गुन्हाच होता. कायदा ब्रिटिशांच्या काळातला, आपल्या जुन्या कलम ३७७ चा सख्खा चुलतभाऊ. समलिंगी हक्कांसाठी लढणाऱ्या डेव्हिड नॉरिस यांनी युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात १९८८ ला खटला जिंकला, तरी सरकारने तो कायदा हटवायला पाच वर्षं लावली. आणि २२ मे २०१५ ला याच देशाने सार्वमतात ६२ टक्के मतांनी समलिंगी लग्नाला होकार दिला. दोनच वर्षांनी लिओ वराडकर पंतप्रधान झाले. उघडपणे गे, वडील मुंबईहून आलेले डॉक्टर, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. तेव्हा आपल्याकडच्या पेपरांत गावाचं कौतुक भरभरून छापून आलं. बाकीचं जरा आवरतं घेऊन.

मी आलो तेव्हा ऑफिसात माझा जोडीदार ‘फ्लॅटमेट’ होता. सार्वमताच्या आधी शेजारच्या आजी, रोज सकाळी न चुकता चर्चला जाणाऱ्या, कोटावर ‘होय’चा बिल्ला लावून फिरताना दिसल्या. मी बिल्ल्याकडे बघतोय म्हटल्यावर म्हणाल्या, ‘माझा भाऊ साठच्या दशकात लंडनला गेला तो परत आलाच नाही. तेव्हा मला कुणी मत विचारलं नव्हतं.’ म्हणून म्हातारी माणसं कशी वागतील याची फार धास्ती घेऊ नकोस. घराघरात असा एखादा भाऊ, एखादी आत्या निघाली आणि त्यांच्यासाठी लोक मतदानाला गेले.

अवघड जातात ती आपलीच माणसं. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी निघालेल्यांच्या मनात महाराष्ट्र अजून त्याच साली आहे. पुण्या-मुंबईत त्यांचीच भाचरं प्राइडला जातात हे त्यांच्या गावीही नसतं. गणपतीला तुम्हा दोघांना प्रेमाने जेवायला वाढतील आणि वर ‘मुली बघताय का?’ म्हणून विचारतील. त्यांची इथे वाढलेली मुलं मात्र पहिल्या भेटीतच ओळखतात आणि विषय बदलून तुम्हाला सोडवतात.

आता कागदपत्रं, कारण खरी अडचण तिथेच आहे. ऑक्टोबर २०२३ च्या निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी लग्नाला मान्यता दिली नाही, त्यामुळे तुमच्याकडे लग्नाचा दाखला असणार नाही. पण न लग्न केलेल्या जोडीदारालाही इथे येता येतं. त्यासाठी निदान दोन वर्षं एकत्र राहिल्याचा पुरावा लागतो. तेव्हा लिव्ह अँड लायसन्सवर दोघांचीही नावं आजच घालून घ्या. घरमालकाला ‘मित्र’ सांगा हवं तर, करारात नाव आलं म्हणजे झालं. जॉइंट खातं, एकाच पत्त्यावरची बिलं, जुनी तिकिटं, सगळं जपून ठेवा. तुझं परमिट क्रिटिकल स्किल्सचं (इथे टंचाई असलेल्या कौशल्यांसाठीचं वर्क परमिट) असेल तर जोडीदारालाही इथे वेगळ्या परमिटशिवाय नोकरी करता येईल, पण त्याची पूर्वपरवानगी निघण्याआधीच घ्यावी लागते; पर्यटक म्हणून आणून मग बघू, असं करू नका. पुढे इथेच लग्न करायचं ठरलं तर रजिस्ट्रारला तीन महिने आधी नोटीस द्यायची. भारतात मात्र ते लग्न धरलं जाणार नाही, म्हणून तिकडच्या फ्लॅटसाठी दोघांनीही मृत्युपत्र करून ठेवा.

हात धरून चालण्याचं विचारलंस. शहराच्या मध्यात कुणी बघतही नाही. रात्री उशिरा, टवाळ पोरांचं टोळकं दिसलं तर आम्हीसुद्धा हात सोडतो. खरं तर अलीकडे आपल्या रंगाचीच जास्त काळजी वाटते. २०२५ च्या उन्हाळ्यात भारतीयांवर हल्ले झाले, दूतावासाला सावधगिरीची सूचना काढावी लागली.

घराचं मात्र आत्तापासून बघ. दोन पुरुष म्हणून कुणी नाही म्हणणार नाही, पण मुळात घरंच मिळत नाहीत. सुरुवातीच्या काही आठवड्यांची राहायची सोय कंपनीकडून लेखी घे, आणि त्यात दोघांचा उल्लेख आहे ना ते बघ.