रिकामी पुंगळी परत किती वेळा भरता येते?

प्रश्न : माझा मावसभाऊ टेक्सासला असतो, तो रायफलच्या रिकाम्या पुंगळ्या, म्हणजे काडतुसांची पितळी कवचं, घरीच परत भरतो. व्हिडिओ कॉलवर दाखवत होता, एकेक पुंगळी म्हणे सात-आठ वेळा वापरतो. एवढ्या दाबाने ती फुटत कशी नाही? आणि माझी मुलगी वरळीच्या रेंजवर पॉइंट टू टू (०.२२ इंची) रायफल शूट करते, तिच्या पुंगळ्या अशा वापरता येतील का? गोळ्यांचा खर्च फार होतोय.
– एक वाचक, दादर

उत्तर : आधी मुलीचं सांगतो, नाही येणार. पॉइंट टू टूमध्ये पेट घेणारा मसाला पुंगळीच्या बुडाच्या दुमडलेल्या कडेत भरलेला असतो, ट्रिगर दाबल्यावर पुढे आपटणारी फायरिंग पिन ती कडच चेपते, मग ती पुंगळी कायमची गेली. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत ब्राँझ घेतलं ते ह्याच काडतुसावर, तिथेही प्रत्येक गोळी नवीन. भावाच्या रायफलचं काडतूस वेगळं, त्याच्या बुडाच्या मधोमध प्राइमरची, म्हणजे पेट घेणाऱ्या मसाल्याची, छोटी टोपी असते, ती काढून नवी बसवता येते.

आता फुटत का नाही. खरा दाब पुंगळी सोसतच नाही, तो रायफलच्या चेंबरचं (जिथे काडतूस बसतं) आणि बोल्टचं (जो ते मागून बंद करतो) पोलाद सोसतं. बार उडाला की पितळ फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटतं, गॅस मागे येऊ देत नाही आणि दाब उतरला की किंचित आक्रसतं म्हणून पुंगळी बाहेर निघते. ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त, ह्या मिश्रणात ही लवचिकता चांगली असते.

पण दरवेळी फुगायचं आणि मग डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, दाबून परत मापात आणायचं, ह्याने पितळ कडक होत जातं आणि तोंडाशी, म्हणजे मानेला, चिरा पडतात. तांबट भांडं ठोकताना मधेच तापवून मऊ करतो ना, तसंच हे लोक मान तापवून घेतात, फक्त मानच हां, बुडाला ती आच लागली आणि ते मऊ पडलं तर पुंगळी सरळ भंगारात, कारण बूड कडकच हवं. शिवाय पितळ हळूहळू पुढे सरकतं, मान लांबते ती कापावी लागते आणि जे पुढे गेलं ते बुडाच्या जरा वरच्या भिंतीतून गेलेलं असतं, भिंत तिथे पातळ होते. बाहेरून बारीक चकचकीत रिंग दिसते, आतून टोक वाकवलेली तार फिरवली की खाच लागते. अशी पुंगळी पुढच्या बारात तिथेच तुटून दोन तुकडे होऊ शकते आणि गरम गॅस नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येऊ शकतो. म्हणून भावाला सांगा आकडा मोजत बसू नकोस, प्रत्येक पुंगळी उजेडात धरून बघ. बंदुकीची दारू कमी-मध्यम भरली असेल तर सात-आठ वेळा काही विशेष नाही, पण कमाल दाबाइतकी दारू भरली तर पुंगळी त्याच्या निम्म्यातही संपते. प्राइमर सैल बसायला लागला तर तीही गेली.

अजून एक, पुंगळ्या अमोनिया असलेल्या पॉलिशने घासायच्या नाहीत. ह्यामागची गोष्ट आपल्याकडचीच आहे. ब्रिटिशांच्या काळात पावसाळ्यात साठवलेल्या पितळी पुंगळ्यांना आपोआप चिरा पडायच्या, कुणाला कारण कळेना. शेवटी १९२१मध्ये उलगडा झाला. साठा तबेल्यांजवळ, घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया दमट हवेत पितळाला लागायचा आणि ठोकून ताण बसलेलं पितळ तडकायचं. आपल्या मुंबईच्या दमटपणात तर हे नक्की लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आणि कळकळीने सांगतो, भावाचं बघून इथे काही करायला जाऊ नका. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५प्रमाणे काडतूस बनवायला लायसन्स लागतं, घरगुती हौस म्हणून ते चालत नाही. त्याच्याकडून आठवण म्हणून एखादी पुंगळीही बॅगेत टाकून आणू नका, रिकामी असली तरी एअरपोर्टवर चौकशीत अडकू शकता.

खर्च कमी करायचाच असेल तर कोचशी ड्राय फायरिंगबद्दल बोला, म्हणजे काडतुसाशिवाय पोझिशन, श्वास आणि ट्रिगरचा सराव. चांगले नेमबाज हे भरपूर करतात. फक्त पॉइंट टू टूची पिन रिकाम्या चेंबरच्या कडेवर आपटून खराब होऊ शकते, त्यामुळे तिच्या रायफलला ड्राय फायरची सोय आहे का ते आधी विचारून घ्या. बाकी दिवस १० मीटर एअर रायफल, तिचे पेलेट बरेच स्वस्त पडतात.