फादरांसाठी काय करायचं, असं विचारलंस म्हणून

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. आपल्या वसईचे धर्मगुरू आणि लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो 25 जुलै 2024 ला गेले, तेव्हापासून तुझं कशातच लक्ष नाही, आणि घरचे म्हणतात, 'देवाघरी गेले, आता रडायचं नाही.' रड पोरी, मनसोक्त रड. मेलेल्या लाझरसला आपण पुन्हा जिवंत उठवणार हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरीपाशी रडलाच ना? मग आपल्याला कसली मनाई!

युवा मंडळाचा फ्लेक्स लागणार म्हणतेस, लागू दे. फक्त त्यावर 'महान संत' लिहू नका. एकदा माणसाला संत म्हटलं की हात जोडायचे आणि त्याचं काम त्याच्याबरोबरच गेलं असं समजून घरी परतायचं, ही आपली जुनी खोड आहे. 1942 साली नंदाखालला जन्मलेला एक मुलगा वाचत, लिहीत, माणसांत मिसळत कुठवर गेला, हे तुझ्या वयाच्या मुलांना दिसायला हवं.

लोकांना आठवतात मोर्चे आणि संमेलन. मला विचारशील तर त्यांचं सगळ्यात मोठं काम 'सुवार्ता' मासिकाच्या संपादकाच्या टेबलावर झालं. 1983 ते 2007, इतकी वर्षं दर महिन्याला अंक! मजकूर मागवायचा, तपासायचा, संपादकीय लिहायचं, मुद्रितं वाचायची, आणि मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना, आजाऱ्यांच्या भेटी, दफनविधी सांभाळून हे सगळं. चर्चचं मासिक म्हटलं की सणांच्या बातम्या आणि प्रवचनं एवढंच डोळ्यांपुढे येतं. फादरांनी त्यात पाण्याचा प्रश्न आणला, गुंडगिरीचा आणला, ख्रिस्ती नसलेल्या मराठी वाचकालाही आपलं वाटेल असं ते केलं. त्यांची भाषा बघ. प्रार्थनेच्या पुस्तकातली आखडलेली मराठी त्यांनी मोकळी केली. त्यांनी मराठीत आणलेलं 'सुबोध बायबल' वाचताना आपल्याच आळीतलं कुणी शेजारी बसून सांगतंय असं वाटतं. त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तो त्या मोकळेपणालाच मिळाला असं मी मानते. इंग्लंडहून आलेल्या फादर स्टीफन्सने ओवीत रचलेलं 'ख्रिस्तपुराण' 1616 साली गोव्यात छापलं, त्या वाटेवरचेच हे.

हरित वसईचं आंदोलन तू पाहिलेलं नाहीस. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बिल्डरांची नजर इथल्या वाड्यांवर पडली. टँकर भरभरून विहिरींचं पाणी जाऊ लागलं. खाडी जवळ, त्यामुळे गोडं पाणी उपसलं की खारं आत शिरतं, हे इथल्या बागायतदाराला सांगावं लागत नाही. बावखलं, म्हणजे वाडीतली गोड्या पाण्याची तळी, तर तू आता जी पाहतेस ती उरलीसुरली. पूर्वी वाडीगणिक एक असायचं. कडेने केळी आणि सुपारी, पावसाळ्यात काठोकाठ भरलेलं, पुढे उन्हाळ्यापर्यंत आसपासच्या विहिरींना पाझर देणारं. त्यांत भराव पडू लागला तेव्हा एक धर्मगुरू झगा सावरत रस्त्यावर उतरला. बायका घरची कामं टाकून मागे निघाल्या. धमक्या आल्या. अल्तारावरून प्रार्थना सांगणाऱ्याने या भानगडीत पडावं का, असं आपल्यातलेच काही कुजबुजत होते. माती आणि पाणी वाचवणं ही प्रार्थनाच आहे, या समजुतीवर फादर ठाम राहिले.

उस्मानाबादचं तर तुला आठवतच असेल. जानेवारी 2020, त्र्याण्णवावं साहित्य संमेलन. ख्रिस्ती धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून काहींनी विरोध केला होता. पाठदुखीने बेजार झालेले फादर व्हीलचेअरवर आले आणि जे बोलायचं ते स्पष्ट बोलले. कुणाविषयी कडवट झाले नाहीत. हे दोन्ही एकत्र जमणं फार अवघड. स्पष्ट बोलणारे पुष्कळ भेटतात, पण त्यांच्या जिभेवर विष चढतं. तुझा स्वभाव तापट आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

आता तू काय करायचंस? संस्था काढू नकोस, निधी गोळा करू नकोस. तुमच्या आळीमागचं एक बावखल धर. ते कुणाच्या नावावर आहे, किती बुजलंय, पाणी कधी आटतं, हे म्हाताऱ्या माणसांकडे बसून विचार. त्यांच्या बोलीतच लिहून घे, शुद्ध करायला जाऊ नकोस. मग त्यावर दोन पानं लिही आणि मंडळाच्या सभेत वाच. कुणी हसेल, कुणी म्हणेल हिला काय पडलंय. वाचत राहा. 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, सिमेटरीत मेणबत्ती लावायला जाशील, तोवर एवढं नक्की होईल.

'सुवार्ता'चे जुने अंक मी बांधून ठेवलेत. रविवारी मिस्सानंतर ये. नव्वद सालच्या आसपासचे आधी ने. कागद ठिसूळ झालाय, झेरॉक्सच्या मशीनवर दाबू नकोस, मोबाइलवर फोटो काढ. आणि तुझी दोन पानं झाली की सभेआधी मला दाखव.

तुझी,
बाई