कोलोराडोत एल्कच्या शिकारीसाठी लिव्हर-ॲक्शन रायफल: .३०-३० घ्यावी की .४५-७०?

तुमच्याकडे मादी एल्कचा (सांबरासारख्या मोठ्या हरणाचा) टॅग, म्हणजे एक जनावर टिपण्याची परवानगी आहे, पहिलीच शिकार आहे, रायफल लिव्हर-ॲक्शनच (चापाखालचा लिव्हर पुढे-मागे करून पुढचं काडतूस भरणारी) हवी आहे आणि निवड या दोन काडतुसांत अडली आहे. आधी अंतराचा विचार करा. स्प्रूसच्या दाट जंगलात एल्क दिसतो तो बहुधा शंभर यार्डांच्या आत. ॲस्पेनच्या कडेच्या कुरणात किंवा सेजब्रशच्या उतारावर मात्र कळप २५०-३०० यार्डांवर चरत असतो आणि पुढे सरकायला आडोसा नसतो. यातलं काय वाट्याला येईल हे नवख्याला आधी कळत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत: दोन्ही सोडा आणि .३०८ विंचेस्टरमधली लिव्हर-ॲक्शन घ्या. ब्राउनिंग बीएलआर किंवा हेन्री लाँग रेंजर.

या दोन्हींना बॉक्स मॅगझिन असतं, म्हणजे काडतुसं एकावर एक बसतात आणि टोकदार गोळ्या चालतात. जुन्या घाटाच्या रायफलींत काडतुसं नळीखालच्या ट्यूबमध्ये एकामागे एक बसतात, म्हणजे मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला (बुडाशी असलेल्या, ठोक्याने पेटणाऱ्या टोपीला) टेकतं. टोक कठीण आणि अणकुचीदार असेल तर धक्क्याने ट्यूबमध्येच स्फोट होऊ शकतो. म्हणून तिथे चपट्या तोंडाच्या गोळ्या वापरतात, आणि त्या हवेत वेग लवकर गमावतात. मऊ रबरी टोकाच्या हॉर्नडी लेव्हरेव्होल्यूशन गोळ्यांनी हा फरक कमी केला, संपवला नाही. .३०८ ची १६५ ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) वजनाची चांगली गोळी ३०० यार्डांवरही १५०० फूट-पाउंडांहून जास्त ऊर्जा राखते. नोस्लर पार्टिशन किंवा तांब्याची बार्न्स घ्या. हरणासाठीच्या पातळ कवचाच्या गोळ्या एल्कच्या खांद्याच्या हाडावर फुटून वरवरच थांबतात, आणि जखमी जनावर दऱ्या ओलांडून निघून जातं.

.३०-३० ने आजवर पुष्कळ एल्क पडले आहेत, पण १७० ग्रेनच्या गोळीत २०० यार्डांवर जेमतेम हजार फूट-पाउंड उरतात. ती १०० ते १२५ यार्डांची, जनावर पूर्ण आडवं उभं असतानाची रायफल आहे. समोरची संधी सोडून देण्याचा संयम तिला लागतो.

जंगलातच बसणार हे पक्कं असेल तर .४५-७० उत्तम, मार्लिन १८९५ सारखी रायफल पाहा. अडचण शक्तीची नाही, अंतराबरोबर गोळी खाली उतरण्याची आहे. १०० यार्डांवर झीरो केलेली (तिथे गोळी नेमक्या नेमावर लागेल अशी जुळवलेली) ३२५ ग्रेनची लेव्हरेव्होल्यूशन २०० वर सुमारे १० इंच खाली जाते, आणि ४०५ ग्रेनचं जुनं मंद काडतूस दोन फुटांच्या आसपास. अंतराचा अंदाज ३० यार्डांनी चुकला तरी फुप्फुसाऐवजी पाय लागतो. हलक्या रायफलीत धक्काही जबर बसतो. त्या भीतीने चाप झटक्यात ओढला जातो आणि नेम ढळतो.

कोणतीही घेतली तरी बेंचवर रायफल टेकवून झाडलेल्या गोळ्या जवळजवळ लागल्या, एवढ्यावर समाधान मानू नका. ९ इंची कागदी थाळी लावा आणि बसून, काठीच्या आधाराने पाच गोळ्या झाडा. ज्या अंतरापर्यंत पाचही थाळीत पडतात, तीच तुमची मर्यादा. नेम पुढच्या पायाच्या लगेच मागे, धडाच्या खालच्या तिसऱ्या हिश्शावर. पहिल्या गोळीनंतर एल्क उभा दिसला तर वाट पाहू नका. रायफल खांद्यावरच ठेवून लिव्हर पूर्ण पुढे ढकला, मग पूर्ण मागे ओढा. घाईत अर्धीच चालवली की काडतूस अडकतं, आणि हा दोष रायफलीचा नसतो. मार्लिनसारख्या रायफलीत क्रॉसबोल्ट सेफ्टी (गोळी सुटू न देणारं आडवं बटण) लावलेलीच राहिली तर हॅमर पडतो पण गोळी सुटत नाही. या दोन्ही चुका टाळायला घरी डमी काडतुसं वापरा. स्कोप-माउंटचे स्क्रू निघण्यापूर्वी तपासा, .४५-७० त्यांना सैल करते.

कोलोराडोत एल्कसाठी किमान .२४ कॅलिबर (गोळीचा व्यास, इंचांत), पसरणारी आणि निदान ८५ ग्रेनची गोळी लागते. वरची तिन्ही काडतुसं त्यात बसतात. अंगावर ५०० चौरस इंच फ्लुरोसंट नारिंगी किंवा गुलाबी कपडा आणि त्याच रंगाची टोपी सक्तीची आहे. गाडीत रायफलीचा चेंबर (नळीच्या मागची, काडतूस झाडलं जातं ती जागा) रिकामा हवा.

तुम्ही एच-वन-बी व्हिसावर असाल तर एक गोष्ट आधी करा. अमेरिकेच्या संघीय कायद्याने अशा व्हिसावर बंदूक बाळगायला मनाई आहे, पण वैध शिकार परवाना असणाऱ्याला त्यातून सूट मिळते. त्यामुळे क्रम असा ठेवा: हंटर एज्युकेशनचं प्रमाणपत्र, मग परवाना, मग रायफल. मित्राची रायफल सरावाला हातात घेण्याआधीही परवाना खिशात हवा.