विंडोज ठेवून उबुंटू टाकताना पार्टिशन कशी करावीत?

५१२ जीबी एसएसडी, ८ जीबी रॅम आणि आधीपासून विंडोज ११ असेल तर उबुंटूला १५० जीबी भरपूर झाले.

आधी डेटाचा बॅकअप घ्या. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा, नाहीतर नंतर विंडोज ती मागेल आणि तुम्ही अडकाल. विंडोजचं फास्ट स्टार्टअप (ज्यात विंडोज पूर्ण बंद होत नाही) बंद करा. मग विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह आक्रसून जागा मोकळी करा. तिथे नवीन ड्राइव्ह बनवू नका.

उबुंटूच्या इन्स्टॉलरमध्ये मॅन्युअल पर्याय निवडा. रूटला (/, म्हणजे सिस्टिमचा भाग) ६० जीबी, उरलेली जागा होमला (/home, म्हणजे तुमच्या फायलींचा भाग), दोन्हींची फाइल सिस्टिम एक्सटी४. होम वेगळं असलं की पुढे सिस्टिम नव्याने टाकताना फक्त रूट फॉरमॅट करायचं, फायली जागच्या जागी राहतात. रूट २० जीबीवर भागवू नका. स्नॅप आणि फ्लॅटपॅक स्वरूपातली अॅप्स आणि जुने कर्नल (सिस्टिमचा गाभा) ते लवकर भरतात.

सगळ्यात जास्त घोळ ईएफआय पार्टिशनमध्ये होतो, म्हणजे जिथे बूटलोडर (सिस्टिम सुरू करणारा प्रोग्राम) असतो तिथे. विंडोजचं आहे तेच वापरा, साधारण १०० एमबीचं किंवा त्याहून थोडं मोठं, छोटं फॅट३२ पार्टिशन दिसेल. त्यावर फॉरमॅटची खूण अजिबात नको, नाहीतर विंडोजचा बूटलोडर पुसला जाईल.

स्वॅपचं (रॅम कमी पडल्यावर वापरायची डिस्कवरची जागा) वेगळं पार्टिशन लागत नाही, उबुंटू स्वॅप फाइल बनवतं. हायबरनेट हवं असेल तरच किमान रॅमएवढं स्वॅप पार्टिशन करा.